मुलांना समुद्र दाखवायला एका दिवसात जाऊन यायचे, तर कोणत्या तिथीला निघावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. आम्ही कराडचे. घरात चार, सात आणि दहा वर्षांची तीन मुले असून त्यांपैकी एकानेही अजून समुद्र पाहिलेला नाही. मोठे पाणी म्हणून त्यांना ठाऊक आहे तो कोयनेचा शिवसागर जलाशय. त्यामुळे समुद्राची भिंत कोणत्या बाजूला असते आणि पावसाळ्यात त्याचे दरवाजे किती फुटांनी उघडतात, असे प्रश्न सध्या घरात विचारले जात आहेत. त्यांची उत्तरे तोंडी देण्यापेक्षा मुलांना एकदा किनाऱ्यावर उभे करावे, असे आम्ही उभयतांनी ठरवले आहे. मुक्काम करणे मात्र आम्हाला शक्य नाही, कारण घरी आईला एकटे ठेवता येत नाही. पहाटे निघून रात्री परत यायचे आहे.

ठिकाण म्हणून गुहागर निश्चित केले आहे. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि पुढे गुहागर असा सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता होतो. गुहागरच का, यामागे अंतराखेरीज आणखी एक कारण आहे. आमच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना एकमेकींना भेटतात आणि तेथून पाणी पूर्वेला वळते. महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटरवर आहे, तरीही ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १४०० किलोमीटर चालत आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. याउलट कोयना धरणातले जे पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरवले जाते, ते पुढे कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत जाते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात पोहोचते. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायला मान्यता दिलेले हे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. एकाच धरणाचे पाणी दोन समुद्रांना जाते ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला नकाशावर दाखवून झाली आहे. आता घाट उतरून त्याच पाण्याच्या सोबतीने समुद्रापर्यंत जावे, असा विचार आहे.

माझे प्रश्न असे आहेत. कोणत्या महिन्यात जावे? पोहोचण्याची वेळ कोणती धरावी? चार वर्षांच्या मुलीला घाटात गाडी लागते, त्यावर काय करावे? आणि किनाऱ्याखेरीज एखादेच ठिकाण पाहायचे असेल, तर अंजनवेलचा गोपाळगड पाहावा की हेदवी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सुरुबन

आपला बेत चांगला आहे आणि तो एका दिवसात नक्की बसतो. फक्त महिना आणि वार ठरवण्यापूर्वी तिथी पाहावी, असे मी सुचवेन. माझे आजोळ गुहागर तालुक्यातले आहे आणि दरवर्षी पाहुणे येतात ते रविवार पाहून येतात. त्यांना कधी भरपूर वाळू मिळते, तर कधी सुरूच्या झाडांपासून चार पावलांवर पाणी असते. मग ते म्हणतात की मागच्या वेळचा समुद्र चांगला होता.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीला तीनाने गुणून चाराने भागावे, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शुक्ल आणि वद्य या दोन्ही पक्षांना हा हिशेब सारखाच लागू पडतो आणि दिवसातून दोनदा भरती येत असल्याने तीच वेळ साधारणपणे पहाटे आणि दुपारी अशी दोन्हीकडे धरायची. भरतीच्या आधी आणि नंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अर्ध्या तासाची चूक गृहीत धरावी आणि निघण्यापूर्वी छापील किंवा संकेतस्थळावरील भरती-ओहोटीच्या वेळा पडताळून पाहाव्यात. परंतु दोन महिने आधी दिवस ठरवायचा असेल, तर भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

आता आपल्या बेताला हे लावून पाहू. आपण साडेनऊच्या सुमारास गुहागरला पोहोचणार आणि चारच्या आसपास परतीला लागणार. पंचमीला भरती पावणेचारला येते, म्हणजे ओहोटी सकाळी साडेनऊला पूर्ण झालेली असते. आपण गाडीतून उतराल तेव्हा पाणी लांब गेलेले असेल, ओली घट्ट वाळू मोकळी असेल आणि त्यानंतरचे सहा तास समुद्र मुलांच्या डोळ्यांदेखत हळूहळू जवळ येत राहील. मुलांनी सकाळी बांधलेला किल्ला दुपारपर्यंत पाण्यात जातो. भरती म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. हेच आपण द्वादशीला गेलात, तर नऊ वाजता भरती असेल आणि दिवसभर पाणी मुलांपासून लांब लांब जाईल. तेही पाहण्यासारखे असते, पण लहान मुले पाण्याच्या मागे मागे आत चालत जातात आणि मोठ्यांची दमछाक होते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही तिथीतच आहे. हेदवीला उमा-महेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात बामणघळ नावाची अरुंद चीर आहे. भरतीचे पाणी त्या घळीत शिरते, पुढे वाट नसल्याने कोंडते आणि मोठ्या आवाजासह वर उसळते. ओहोटीला गेलात, तर तिथे फक्त एक ओली भेग दिसते. पंचमीला साडेनऊ ते बारा गुहागरची वाळू, मग जेवण, आणि दक्षिणेला वीसेक किलोमीटरवरची हेदवी तीन-साडेतीनला, असा क्रम लावलात तर एकाच दिवसात समुद्राचे दोन स्वभाव पाहून होतात. मुलांना कातळावर मात्र मोकळे सोडू नये. घळीच्या काठाचा दगड शेवाळाने निसरडा असतो आणि उसळणारे पाणी कोठवर येईल, याचा अंदाज बांधता येत नाही.

गोपाळगडाचे म्हणाल, तर तिथून वाशिष्ठीचे मुख दिसते, त्यामुळे आपल्या कोयनेच्या पाण्याची गोष्ट तिथे पूर्ण होईल, हे खरे आहे. पण चार वर्षांच्या मुलीला त्या गोष्टीपेक्षा बामणघळीचा आवाज अधिक लक्षात राहील.

पाटीपेन्सिल

वरील हिशेब अचूक आहे. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून त्यामागचे कारण लिहिते. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या पंधरा तिथींत भरतीची वेळ बरोबर बारा तास पुढे सरकते, म्हणजे एका तिथीमागे ४८ मिनिटे, जुन्या भाषेत दोन घटिका. पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशेबासाठी केलेला सोपा आकडा. म्हणूनच पौर्णिमेला गुणाकार सव्वाअकरा देतो आणि प्रत्यक्षातली भरती त्याच्या थोडी मागेपुढे येते.

तथापि केवळ वेळ पाहून भागणार नाही, पाणी किती उतरते हेही पाहायला हवे. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांचे ओढणे एकाच रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते. अष्टमीच्या आसपास ही ओढ काटकोनात असते, त्या वेळी भांगाची भरती येते आणि पाणी थोडेसेच वरखाली होते. अष्टमीला ओहोटी दुपारी बारा वाजता येते म्हणून सहलीला ती तिथी उत्तम, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशी फारशी वाळू उघडी पडत नाही. यात आणखी एक बारकावा आहे. सर्वांत मोठे उधाण नेमके पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी येते. त्यामुळे पौर्णिमेच्या तीन दिवस आधीच्या द्वादशीपेक्षा नंतरच्या तृतीया-चतुर्थीला पाणी अधिक उतरते. पंचमीपर्यंत हा जोर थोडा ओसरतो, तरी पुरेसा असतो.

कोकणच्या दक्षिणेकडे हा चढउतार मुंबईपेक्षा कमी असतो. मुंबईला मोठ्या उधाणाच्या वेळी पाणी पावणेपाच मीटरपर्यंत चढते, आणि खंभातच्या आखातात तर याच्या दुपटीने. गुहागरला एवढ्या आकड्यांची अपेक्षा ठेवू नये. पण वाळूचा उतार मंद असला, की पाण्याची पातळी दीड-दोन मीटर खाली गेली तरी किनारा बराच रुंद होतो.

दहा वर्षांच्या मुलाला एक काम द्यावे. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक काठी रोवायला सांगावे आणि दर अर्ध्या तासाने पाणी जिथवर येईल तिथे नवी काठी रोवून त्यांमधले अंतर पावलांनी मोजायला लावावे. सुरुवातीला पाणी सावकाश चढते, मधल्या दोन तासांत सर्वांत वेगाने, आणि भरती जवळ आल्यावर पुन्हा मंदावते. हे त्याला स्वतःच्या मोजणीतून दिसेल.

घाटमाथा

क्षमा असावी, पण एवढे गणित मांडून मुलांचा समुद्र होईल का, अशी मला शंका आहे. समुद्र पाहिला म्हणजे सूर्यास्त पाहिला, असे आमच्या घरी समीकरण आहे. चार वाजता किनारा सोडायचा, तर निम्मा समुद्र पाहिलाच नाही, असे म्हणावे लागेल. एक रात्र घरगुती निवासात काढून दुसऱ्या दिवशी निघावे, असे मी सुचवेन.

सुरुबन

@घाटमाथा, मुक्काम शक्य असता तर मीही तेच सुचवले असते. पण धागाकर्त्यांनी तो शक्य नसल्याचे आधीच लिहिले आहे. हिवाळ्यात गुहागरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर निघाल्यास चिपळूणला पोहोचेपर्यंत साडेसात होतात आणि कुंभार्लीची वळणे पूर्ण अंधारात, दिवसभर उन्हात राहिलेल्या चालकाने चढायची वेळ येते. मागच्या आसनावर तिन्ही मुले झोपलेली असताना सूर्यास्ताची ही किंमत मला जास्त वाटते. सूर्य कराडलाही मावळतो. चारला निघाल्यास घाट उजेडी पार होतो.

निळी_छत्री

तिथीविषयी सर्वांनी छान लिहिले आहे, पण पाण्यात उतरण्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून हा प्रतिसाद देत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. दिवस स्वच्छ होता आणि पावसाळाही नव्हता. घाटावरच्या माणसाला नदी कळते, विहीर कळते, परंतु समुद्राची ओढ कळत नाही, कारण ती खोलीवर अवलंबून नसते.

लाटा किनाऱ्यावर सतत पाणी आणून टाकतात. ते पाणी कोठून तरी परत जावे लागते आणि ते एखाद्या अरुंद पट्टीतून वेगाने आत ओढले जाते. त्या पट्टीत लाटा फुटत नाहीत, फेस दिसत नाही, पाणी शांत आणि जरासे गडद किंवा गढूळ दिसते. नवखा पालक लाटा टाळायच्या म्हणून मुलांना नेमका तिथेच घेऊन जातो. लाटा एकसारख्या फुटत असतील तिथे, मुलांच्या गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात आणि हात धरूनच उभे राहावे. चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत गुडघा म्हणजे जेमतेम एक वीत पाणी, हे मोठ्यांच्या लक्षात राहत नाही. मोठे माणूस ओढीत सापडलेच, तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट न करता किनाऱ्याला समांतर सरकावे आणि पट्टीबाहेर आल्यावर वळावे. ओहोटी लागलेली असताना ही ओढ वाढते. पंचमीचा जो बेत वर ठरला आहे, त्यात सकाळपासून दुपारपर्यंत पाणी चढते असते, हा त्याचा आणखी एक फायदा. मात्र चढत्या पाण्यात चपला, पिशव्या आणि आजोबांची खुर्ची वेळोवेळी मागे घ्यावी लागते.

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत, त्या शोभेच्या समजू नयेत. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्गही समुद्रालगतच्या खडकांवरून जातो आणि भरतीच्या वेळी तो टाळावा लागतो. जिथे जाल तिथे सुरक्षारक्षक किंवा किनाऱ्यावरचा दुकानदार जे सांगेल ते ऐकावे. निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती देणाऱ्या संस्थेचा उंच लाटांचा इशारा आहे का, तेही पाहावे.

भाकरवडा

गाडी लागण्याविषयी दोन ओळी लिहितो. मुलीला उपाशी नेऊ नये आणि भरपेटही नेऊ नये. पहाटे दूध टाळावे. कोरडी चपाती किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा. घाट सुरू होण्यापूर्वी कोयनानगरला दहा मिनिटे उतरून मोकळी हवा खाऊ द्यावी, आवळा सुपारी किंवा आल्याची वडी तोंडात द्यावी आणि तिच्या हातात मोबाइल देऊ नये, कारण खाली मान घातली की मळमळ वाढते. गुहागरला जेवणाचे आदल्या दिवशी फोन करून सांगावे. घरगुती खानावळीत आयत्या वेळी पाच पाने वाढून मिळतीलच, असे नाही. वद्य चतुर्थीला जाऊ नये, हे मी तिथीच्या शास्त्रापेक्षा वेगळ्या कारणाने सांगतो. संकष्टीला हेदवीच्या दशभुज गणेशाला गर्दी असते आणि गाडीतल्या निम्म्या मंडळींचा उपवास असल्याने सुरमईचे ताट उरलेल्यांच्या घशाखाली उतरत नाही.

मांजराकाठ

आम्ही लातूरचे. आपण सर्व १४० किलोमीटरचा विचार करत आहात, म्हणून थोडा हेवा वाटला. आमच्याकडून एका दिवसात समुद्र गाठायचा तर रात्रीच्या रेल्वेने मुंबईला जायचे, दिवस तिथे काढायचा आणि रात्रीच्या गाडीने परत यायचे, हा मार्ग आहे. मुंबईत वाळू कमी आणि गर्दी फार, हे मान्य. परंतु भरती-ओहोटी दाखवायला हाजी अलीचा रस्ता फार चांगला आहे. ओहोटीला माणसे ज्या वाटेने दर्ग्यापर्यंत चालत जातात, ती वाट उधाणाच्या भरतीला पाण्याखाली जाते. आमच्या मुलीला चौपाटीपेक्षा हे अधिक नवलाचे वाटले. मुंबईला जाणाऱ्यांनीही वरचा पाऊणपटीचा हिशेब वापरावा.

पाटीपेन्सिल

मुलांनी वाळूत काय पाहावे, हे राहून गेले. ओहोटीच्या वाळूवर बाजरीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसते. ते काम बारीक खेकड्यांचे असते. पाणी ओसरले की ते बिळाबाहेर येतात, वाळूतला खाण्याजोगा अंश चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. भरती ती सगळी नक्षी पुसते आणि पुढच्या ओहोटीला ते पुन्हा सुरुवात करतात. मुलांना पाच मिनिटे हलू न देता उकिडवे बसवले, तर खेकडे बाहेर येतात. पाय आपटला तर सगळे एकाच वेळी नाहीसे होतात. रिकामे शिंपले घरी आणावेत. शंख चालताना दिसला, तर त्यात साधू खेकडा राहत असतो, तो तिथेच ठेवावा.

हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या कुरव पक्ष्यांचे थवे किनाऱ्यावर बसलेले असतात. त्यांना उडवण्यासाठी मुलांना धावायला लावू नये, ते लांबच्या प्रवासातून दमून आलेले असतात. याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि वनविभाग ती कुंपणात सुरक्षित ठेवतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रहाचा टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी पोहत श्रीलंकेपर्यंत गेली. कृष्णेचे पाणी जमिनीवरून पूर्वेला जाते आणि हे कासव पाण्यातून, एवढे त्या दहा वर्षांच्या मुलाला नकाशावर जोडून दाखवता येईल.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिनदर्शिका घेऊन बसलो, तेव्हा पंचमी आणि रविवार एकत्र येण्याची वाट पाहिली तर हिवाळा संपेल, असे दिसले. म्हणून तृतीया ते षष्ठी अशी चार तिथींची मुभा ठेवली आहे. दोन पक्षांमागे साधारण एकदा तरी रविवार त्यांत सापडतो. तृतीयेला ओहोटी आठलाच पूर्ण होते, त्यामुळे तो रविवार आला तर पहाटे चारला निघावे लागेल आणि हेदवीला जेवणाआधी जावे लागेल. षष्ठी आली तर सव्वादहाची ओहोटी सोयीची, पण भरती साडेचारला असल्याने बामणघळ पूर्ण जोरात पाहायला मिळणार नाही. त्यातही घरच्यांचे मत घाट उजेडी चढण्याच्या बाजूनेच पडले आहे.

एक शंका उरते. परतीच्या वाटेवर चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्यावर थांबून मुलांना वाशिष्ठी दाखवायची इच्छा आहे. तिथल्या मगरींविषयी ऐकले आहे. पंचमीला साडेपाचच्या सुमारास त्या दिसतील का?

सुरुबन

मगरी उन्हाला चिखलाच्या काठावर येतात ते ओहोटीला. खाडीत भरतीचे पाणी गोवळकोटपर्यंत चढते आणि तिथे ते किनाऱ्यापेक्षा उशिरा पोहोचते. पंचमीला साडेपाचला काठ पाण्याखालीच असतील, तेव्हा मगरींची आशा धरू नये. धक्क्यावर थांबणार असाल, तर मुलाला वाशिष्ठीच्या पाण्यात एक काडी टाकायला सांगा. ती समुद्राकडे जाते की चिपळूणच्या दिशेने उलटी, ते पाहावे. दहा मिनिटांपेक्षा अधिक थांबू नये, घाट पुढे आहे.